टिग वेल्डिंगचा गॅस बिघडतो तेव्हा : शोध नोझलपासून सिलिंडरपर्यंत

टिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनच्या रॉडच्या टोकापासून आर्क काढून धातू वितळवतात आणि टॉर्चच्या नोझलमधून आर्गॉन गॅस सोडून तो तापलेला धातू हवेपासून झाकतात. या वेल्डिंगचा बीड, म्हणजे जोडाची रेघ, काळवंडला, त्यात पिनहोल दिसू लागले किंवा टंगस्टनचे टोक निळे-काळे पडू लागले की आमच्या भागातल्या बहुतेक वर्कशॉपमध्ये पहिला आळ सिलिंडरवर येतो. ‘साहेब, गॅस खराब आलाय’ हे वाक्य भोसरीपासून चाकणपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल. मग अर्धा भरलेला सिलिंडर बाजूला ठेवला जातो, दुसरा आणून लावला जातो, आणि त्या खटाटोपात रेग्युलेटरचा नट नव्याने घट्ट बसल्यामुळे किंवा नळीतली दमट हवा निघून गेल्यामुळे कधी कधी दोष खरोखरच नाहीसा होतो. त्यातून सिलिंडरच खराब होता हा समज आणखी पक्का होतो. माझे मत नेमके उलट आहे. गॅसच्या तक्रारीत सिलिंडर हा शेवटचा संशयित असावा, कारण दोष बहुतेक वेळा टॉर्चच्या शेवटच्या वीतभर लांबीत असतो आणि तो शोधायला थोडा वेळ, स्वच्छ पत्र्याचा एक तुकडा आणि साबणाचे पाणी यांपलीकडे फारसे काही लागत नाही.

आमचे काम मुख्यतः दुग्धप्रक्रिया आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांसाठी ३०४ व ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या पाइपलाइन आणि टाक्या तयार करण्याचे आहे. अधूनमधून ॲल्युमिनियमही येते. या कामात बीडचा रंग हा केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. तापलेल्या धातूला प्राणवायू मिळाला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो; थर पातळ असेल तर चंदेरी रंगावर फिकट पिवळसर झाक येते, तो वाढत गेला की सोनेरी, मग निळा-जांभळा आणि शेवटी राखाडी-काळा रंग दिसतो. या गडद थराखालच्या धातूतले क्रोमियम कमी झालेले असते, आणि स्टेनलेस स्टील गंजत नाही ते मुळात क्रोमियममुळेच. त्यामुळे वरवर बफिंग करून चमकवलेला राखाडी बीड काही महिन्यांनी तांबूस ठिपके दाखवू लागतो, आणि तोपर्यंत पाइपलाइन ग्राहकाच्या कारखान्यात बसलेली असते.

दोष शोधण्याआधी तो खरोखर गॅसचाच आहे का हे ठरवले पाहिजे. त्यासाठी मी एकच चाचणी करायला सांगतो. ३०४चा दोनेक मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्यावा, नवीन फ्लॅप डिस्कने घासून ॲसिटोनने पुसावा, फिलर (वितळवून जोडात भरायची तार) न वापरता साठ-सत्तर ॲम्पिअरवर एकाच जागी चार-पाच सेकंद आर्क धरावा, आणि आर्क बंद केल्यावर गॅस थांबेपर्यंत टॉर्च अजिबात हलवू नये. त्यानंतर डबके (आर्कखाली वितळलेला धातू) आणि टंगस्टनचे टोक अशा दोन गोष्टी पाहाव्यात. डबके चकचकीत आणि टंगस्टन चंदेरी असेल तर गॅस नोझलपर्यंत नीट पोहोचतो आहे, आणि दोष मूळ जॉबमध्ये, फिलरमध्ये किंवा वेल्डरच्या हाताच्या पद्धतीत शोधावा लागेल. टंगस्टन निळे किंवा जांभळे झाले असेल तर थोडी हवा मिसळते आहे किंवा पोस्ट-फ्लो (आर्क बंद झाल्यावर थोडा वेळ सुरू राहणारा गॅस) अपुरा पडतो आहे. ते काळे पडून भुकटी सुटत असेल, त्यावर पिवळसर भुकटी दिसत असेल किंवा रॉड मेणबत्तीसारखा भराभर झिजत असेल, तर गळती मोठी आहे किंवा चुकीचाच गॅस जोडलेला आहे. ही पिवळसर भुकटी म्हणजे टंगस्टनचा ऑक्साइड होय.

ही चाचणी टाळल्यामुळे किती वेळ वाया जातो याची कल्पना यावी म्हणून गॅसचा काहीही दोष नसताना गॅसवर ढकलल्या जाणाऱ्या काही गोष्टी सांगतो. काही साधे माइल्ड स्टील फिलरशिवाय वितळवले की त्यातून बुडबुडे येतात, कारण त्या स्टीलमध्येच प्राणवायू शिल्लक असतो. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, टायटॅनियम यांसारखे प्राणवायू बांधून ठेवणारे घटक असलेला ईआर७०एस-२ सारखा फिलर दिला की ते बुडबुडे थांबतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर, पाइपाच्या आत राहिलेले कटिंग ऑइल, मिल स्केल (नव्या स्टीलवर असलेला काळा ऑक्साइडचा थर) आणि तेलकट हातमोज्याने पुसलेला फिलर यांचेही तसेच आहे. टंगस्टनच्या टोकाचा गोळा होऊन तो थेंबाथेंबाने वितळत असेल तर बहुधा केबल उलट लागलेल्या असतात. डीसी टिगमध्ये टॉर्च मायनसला हवा. तो प्लसला लागला की उष्णतेचा मोठा वाटा टंगस्टनवर येतो, आणि जगातला शुद्धातला शुद्ध आर्गॉनही तिथे काही करू शकत नाही.

दोष गॅसचाच आहे असे ठरले की बहुतेक जण फ्लोमीटरकडे (मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते दाखवणाऱ्या साधनाकडे) पाहतात आणि ‘आठ लिटर तर दाखवतो आहे’ असे म्हणतात. गोंधळाची सुरुवात इथेच होते. फ्लोमीटर त्याच्यातून किती गॅस बाहेर पडला एवढेच सांगतो; नोझलमधून किती बाहेर आला हे त्याला ठाऊक नसते. मध्ये कुठे गळती असेल तर गळालेला गॅसही त्या आठ लिटरमध्ये मोजला जातो. शिवाय बाजारात दोन प्रकारची साधने आहेत आणि त्यांच्यातला फरक पुष्कळांना माहीत नसतो. काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत गोळी तरंगते ते साधन प्रत्यक्ष प्रवाह दाखवते, मात्र ती नळी सरळ उभी असायला हवी. रेग्युलेटर तिरका बसला की वाचन चुकते. दुसऱ्या प्रकारात दोन घड्याळे असतात आणि दुसऱ्या घड्याळावर लिटर प्रति मिनिट असे लिहिलेले असते, पण ते घड्याळ खरे तर एका बारीक छिद्राच्या अलीकडचा दाब मोजते. पुढे नळी दुमडली किंवा नोझल बुजले, तरी त्या घड्याळाचा काटा जागचा हलत नाही. दोष शोधायचा असेल तर गोळीचाच फ्लोमीटर हवा. नोझलवर धरून मोजायचा छोटा फ्लो टेस्टरही मिळतो; तो प्रत्येक वर्कशॉपमध्ये असावा असे माझे मत आहे, कारण सिलिंडरजवळचे वाचन आणि नोझलवरचे वाचन यांतली तफावत म्हणजेच गळती.

टेस्टर नसेल तरी एक सोपा मार्ग आहे. मशीनवर गॅस चेकचे बटण असेल तर ते दाबून गॅस सोडावा आणि नोझलचे तोंड रबराच्या जाड तुकड्याने घट्ट बंद करावे. गोळी खाली शून्यावर बसली तर फ्लोमीटरपासून नोझलपर्यंत मोठी गळती नाही. गोळी दोन-तीन लिटरवर तरंगतच राहिली तर तेवढा गॅस वाटेत कुठेतरी निसटतो आहे. टॉर्चचे बटण दाबून हा प्रयोग करू नये, कारण आर्क पेटवणारी हाय फ्रिक्वेन्सीची वीज सुरू होऊन शॉक बसू शकतो. हेडवरच गॅसची चावी असलेल्या साध्या टॉर्चवर, मशीन मेन स्विचपासून बंद करून, चावी हाताने उघडून हेच करता येते.

आता टॉर्च. आपल्याकडच्या एअर-कूल्ड १७ आणि २६ क्रमांकाच्या टॉर्चमध्ये मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला दोष बॅक कॅपच्या, म्हणजे टंगस्टनच्या मागच्या टोकावरच्या टोपीच्या, ओ-रिंगचा (गोल रबरी सीलचा) आहे. ही रिंग उष्णतेने कडक होते, चपटी होते, तिला चिरा पडतात, आणि कधी तर टंगस्टन बदलताना ती खाली पडते व कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथून गॅस बाहेर जातो आणि बारीक फटीतून हवा आत ओढली जाण्याचीही शक्यता असते. ती हवा थेट टंगस्टनच्या अंगावरून जात असल्यामुळे टंगस्टन टोकापासून बऱ्याच वरपर्यंत काळवंडते. नुसत्या वाऱ्याने बिघडलेल्या गॅसमध्ये फक्त टोक रंगते, तर ओ-रिंगच्या दोषात कोलेटमधून (टॉर्चमध्ये टंगस्टन पकडून ठेवणाऱ्या भागातून) काढलेला रॉड आतपर्यंत निळसर दिसतो. म्हणून संशय आला की रॉड पूर्ण बाहेर काढून पाहावा. ओ-रिंगची किंमत इतकी किरकोळ आहे की ती तपासत बसण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते.

त्याच्या पुढचा भाग म्हणजे टॉर्चच्या हेडवर, नोझलच्या मागे बसणारी पांढरी इन्सुलेटर रिंग. ती नसेल, फाटलेली असेल किंवा चुकीच्या मापाची असेल तर नोझल हेडवर नीट टेकत नाही आणि नोझलच्या मागच्या बाजूने हवा आत शिरते. गॅस लेन्स (गॅस सरळ वाहावा म्हणून नोझलच्या आत बसणारी जाळी) लावताना तिची इन्सुलेटर रिंग वेगळी असते, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. नवीन गॅस लेन्स आणून जुनीच रिंग ठेवली आणि बीड आधीपेक्षा खराब येऊ लागला, की गॅस लेन्सच निकामी ठरवली जाते. सिरॅमिक नोझलला केसाएवढी चीर गेलेली असेल तर ती थंड असताना दिसत नाही. नोझल काढून उजेडासमोर फिरवून पाहावे. कोलेट बॉडीची छिद्रे उडालेल्या धातूने बुजलेली असतील तर गॅस एकाच बाजूने येतो, आणि बीडची एक कड चमकते तर दुसरी राखाडी राहते. गॅस लेन्सच्या जाळीवर उडालेल्या धातूचा तुषार बसला असेल तर ती घासून साफ करण्याच्या भानगडीत न पडता बदलावी. भोक पडलेली जाळी ही जाळी नसण्यापेक्षा वाईट. टॉर्च वॉटर-कूल्ड असेल तर आणखी एक शक्यता उरते : आतल्या जोडातून गॅसच्या मार्गात पाण्याचा अंश शिरणे. टॉर्चचा पंप चालू ठेवून नोझल खाली धरले आणि काही वेळाने आत ओलावा दिसला, तर हेड बदलण्यावाचून मार्ग नाही.

टॉर्च ठीक असूनही दोष राहिला तर प्रवाहाच्या आकड्याकडे वळावे, आणि हा भाग थोडा तपशीलाने सांगण्यासारखा आहे. नोझलचा क्रमांक म्हणजे तोंडाचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागात. ८ क्रमांकाच्या नोझलचे तोंड अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरचे असते. त्यातून मिनिटाला ८ लिटर आर्गॉन सोडला तर गॅस बाहेर पडण्याचा वेग जवळपास सेकंदाला १ मीटर येतो. तेच ८ लिटर ५ क्रमांकाच्या नोझलमधून सोडले तर वेग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास जातो. बीड काळा येतो म्हणून गॅस वाढवण्याची प्रवृत्ती सार्वत्रिक आहे, आणि नेमकी तीच घातक ठरते. नळ थोडा उघडला की धार काचेसारखी नितळ पडते आणि पूर्ण उघडला की फेसाळते; गॅसचेही तसेच होते, फक्त ते दिसत नाही. फेसाळलेला गॅस भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून डबक्यावर आणतो. १५-२० लिटर गॅस सोडूनही बीड काळाच येत असेल तर तो आधी ७-८ लिटरवर आणून पाहावा. अनेकदा दोष तिथेच संपतो आणि वर गॅसही वाचतो. ६ ते ८ क्रमांकाच्या नोझलला मिनिटाला ६ ते १० लिटर पुरतात. गॅस लेन्स असेल तर गॅस सरळ रेषेत वाहतो, म्हणून तेवढ्याच प्रवाहात टंगस्टन थोडे जास्त बाहेर ठेवता येते.

वाऱ्याचा हिशेबही या वेगातूनच समजतो. स्ट्रक्चरल वेल्डिंगचे अमेरिकन मानक एडब्ल्यूएस डी१.१ गॅसच्या संरक्षणाखाली होणाऱ्या वेल्डिंगसाठी वाऱ्याची मर्यादा ताशी ८ किलोमीटर ठेवते, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर. वर काढलेल्या आकड्याशी तुलना केली तर हा वारा ८ क्रमांकाच्या नोझलमधून येणाऱ्या गॅसच्या दुप्पट वेगाचा आहे. स्टेनलेसच्या बारीक कामाला माझ्या मते तो फारच जास्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली उभा केलेला मोठा पेडेस्टल फॅन ही मर्यादा सहज ओलांडतो. वेल्डरला घामाघूम ठेवून चांगल्या बीडची अपेक्षा करणे मला पटत नाही, म्हणून फॅन बंद करण्याऐवजी तो वेल्डरच्या पाठीमागे वर भिंतीकडे तोंड करून लावावा आणि जॉबभोवती पत्र्याचा किंवा जाड कापडाचा आडोसा करावा. शेजारच्या ग्राइंडरचा झोत, उघडे शटर आणि मशीनचा स्वतःचा कूलिंग फॅन यांच्याकडेही लक्ष द्यावे. मशीन टेबलाखाली ठेवले असेल तर त्याची गरम हवा थेट जॉबवर येते.

आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे, ही आपली सोय आहे. १९४१ साली अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टिगची पद्धत मॅग्नेशियमसाठी विकसित केली तेव्हा त्यांनी हेलियम वापरला होता. हेलियम आर्गॉनच्या एक-दशांश घनतेचा असल्याने वर उडून जातो आणि त्याला प्रवाह कितीतरी जास्त लागतो. आर्गॉन डबक्यावर बसून राहतो. पण हा जडपणा कोपऱ्याच्या आतल्या जोडात मदत करतो तसा बाहेरच्या कडेवर अडचणही करतो, कारण तिथे गॅस दोन्ही बाजूंनी ओघळून जातो. बाहेरच्या कोपऱ्याला आणि पत्र्याच्या कडेला दोन्हीकडून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टेकवून गॅस थोपवला की रंगातला फरक लगेच दिसतो.

वेल्डरच्या हाताबद्दल थोडक्यात. टंगस्टन नोझलच्या बाहेर नोझलच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त काढू नये, गॅस लेन्स असेल तर त्याहून थोडी सूट घ्यावी. टॉर्च उभ्या रेषेपासून १५-२० अंशांपेक्षा जास्त झुकवली की नोझलची मागची कड वर उचलली जाते आणि तिथून हवा खेचली जाते. फिलरचे गरम टोक दर वेळी गॅसच्या बाहेर काढून पुन्हा डबक्यात बुडवण्याची सवय असेल तर प्रत्येक थेंबाबरोबर ऑक्साइड आत जातो. पोस्ट-फ्लोचा ढोबळ नियम १० ॲम्पिअरला १ सेकंद असा आहे. १२० ॲम्पिअरला १२ सेकंद हात स्थिर ठेवणे घाईच्या वेल्डरला जड जाते, पण वाचवलेल्या गॅसपेक्षा घासलेले टंगस्टन महाग पडते.

पाइपाच्या कामात याच तक्रारीचे आणखी एक रूप भेटते. बाहेरून बीड चंदेरी आणि आतून मात्र काळा, खडबडीत, खरवडल्यावर पापुद्रे सुटणारा थर. इथे टॉर्चचा काहीही दोष नसतो. आतल्या बाजूला पर्जिंगचा (पाइपातली हवा घालवण्यासाठी आत सोडलेला) आर्गॉन पोहोचलेला नसतो. ५१ मिलिमीटरच्या डेअरी पाइपाच्या एक मीटर लांबीत सुमारे १.८ लिटर हवा असते, आणि ती नीट घालवायला त्याच्या आठ-दहा पट आर्गॉन लागतो, म्हणजे मिनिटाला ९-१० लिटर प्रवाह असेल तर दीड-दोन मिनिटे. आर्गॉन जड असल्यामुळे तो खालून आत सोडावा आणि हवा वरच्या छिद्रातून बाहेर जाऊ द्यावी. उलट केले तर तो हवेत मिसळतच राहतो. जोडाची उघडी फट टेपने झाकून फक्त जेवढा भाग वेल्ड करायचा तेवढीच टेप काढत जावे. बाहेर जायची वाट मात्र पूर्ण बंद करू नये, कारण शेवटचा भाग जोडताना आतला दाब वितळलेल्या धातूला बाहेर ढकलतो आणि जोडाच्या मुळाशी, म्हणजे आतल्या बाजूला, खड्डा पडतो. काम सुरू झाल्यावर पर्जिंगचा प्रवाह कमी करावा.

टॉर्चपासून मागे गेले की मशीनमधला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर चालणारी गॅसची झडप) येतो. बटण दाबल्यावर ‘टिक’ असा आवाज येणे पुरेसे नाही; आत कचरा अडकला असेल तर तो अर्धवट उघडतो किंवा पूर्ण बंद होत नाही. हा कचरा बहुधा प्लंबरच्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा असतो, जो कोणीतरी नळीच्या नटावर गुंडाळलेला असतो. गॅसच्या या जोडांचे सील धातूच्या मुखावर बसते, आट्यांवर नाही, त्यामुळे टेपची गरजच नसते. आर्क बंद असताना आणि पोस्ट-फ्लो संपल्यावर फ्लोमीटरची गोळी शून्यावर बसली पाहिजे. ती तरंगत असेल तर सोलेनॉइड गळतो आहे किंवा फ्लोमीटर ते मशीन या नळीत गळती आहे, आणि टॉर्च तपासण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

रात्रीतून सिलिंडर रिकामा होण्याची तक्रार इथलीच. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर गॅस सुमारे १५० बार दाबाने भरलेला असतो. मिनिटाला फक्त १ लिटर गळती असली तरी १२ तासांत ७२० लिटर, म्हणजे सिलिंडरचा दहावा भाग जातो. तपासण्यासाठी संध्याकाळी काम संपल्यावर सिलिंडरची चावी बंद करावी आणि दाबाचे घड्याळ वाचून ठेवावे. रेग्युलेटरमधला बंदिस्त गॅस अगदी थोडा असल्याने बारीक गळतीतही काटा काही मिनिटांत खाली येतो. चावी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी काटा पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : दुपारी ३० अंश आणि पहाटे १२ अंश तापमान असेल तर १५० बारचा दाब गळती नसतानाही ९ बारच्या आसपास खाली येतो. हिवाळ्यात या घटीवरून उगाच रात्रपाळीच्या माणसाला बोल लावले जातात. गळती आहे हे नक्की झाले की प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे, घरच्या एलपीजीच्या नळीला लावतात तसेच, आणि बुडबुडा येईपर्यंत थांबावे. बारीक गळतीचा बुडबुडा यायला वेळ लागतो.

पावसाळ्यात एक वेगळाच प्रकार होतो. सकाळचा पहिला बीड खराब, दुसरा बरा आणि तिसऱ्यापासून सगळे ठीक. याचे कारण नळीत आहे. रात्रभरात टॉर्चच्या उघड्या तोंडातून दमट हवा आत शिरते, आणि साधी रबरी नळी तर आपल्या भिंतीतूनही ओलावा झिरपू देते. मशीनपासून टॉर्चपर्यंत ६ मिलिमीटर व्यासाची ८ मीटर नळी असेल तर तिच्यात सव्वादोनशे मिलिलिटर हवा मावते. ८ लिटरच्या प्रवाहात ती बाहेर निघायला पावणेदोन सेकंद लागतात, आणि प्री-फ्लो (आर्क पेटण्याआधी सुटणारा गॅस) बहुधा अर्ध्या सेकंदावर ठेवलेला असतो. दिवसाच्या सुरुवातीला अर्धा मिनिट नुसता गॅस सोडला की हा प्रश्न मिटतो. ॲल्युमिनियममध्ये हाच ओलावा फार महागात पडतो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन मोठ्या प्रमाणात विरघळतो आणि धातू गोठताना त्याला आत राहायला जागा उरत नाही, म्हणून त्याचे बुडबुडे बीडमध्ये अडकतात. हा हायड्रोजन नळीतल्या ओलाव्यातून येतो तसाच पत्र्यावरच्या ओल्या ऑक्साइडमधून आणि उघड्या पडलेल्या फिलरमधूनही येतो. ॲल्युमिनियमच्या कामासाठी नळी चांगल्या प्रतीची, ओलावा न झिरपणारी घ्यावी, जॉब काम सुरू करण्याआधी किंचित कोमट करावा, आणि स्टेनलेसचा ब्रश फक्त ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवावा.

आर्गॉनला वास नाही, रंग नाही, आणि तो खाली साचतो. दुधाच्या टाकीच्या आत बसून वेल्डिंग करताना किंवा पर्जिंग केलेल्या मोठ्या पाइपात डोके घालून जोडाच्या मुळाचा रंग पाहताना हे विसरले तर माणूस दम लागल्याची जाणीवही न होता बेशुद्ध पडतो, कारण श्वास कोंडल्याची भावना कर्ब वायू वाढल्याने होते, प्राणवायू घटल्याने नव्हे. टाकीतल्या हवेत प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की आत थांबू नये. ऑक्सिजन मीटर, हवा खेळती ठेवणारा ब्लोअर आणि बाहेर उभा असलेला माणूस यांच्याशिवाय आम्ही टाकीत कोणालाही उतरू देत नाही. गळती शोधण्याच्या नादात बंद जागेत गॅस सोडून ठेवण्याचा प्रकारही याच कारणाने टाळावा.

आणि आता सिलिंडर. एवढे सगळे तपासूनही टंगस्टन काळेच पडत असेल तर प्रथम लेबल वाचावे. भारतीय मानकानुसार आर्गॉनचा सिलिंडर निळा असतो, पण रंगावर विसंबून चालत नाही. मिगसाठी (तार आपोआप पुढे सरकत जाणाऱ्या वेल्डिंगसाठी) आणलेला आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस चुकून टिगला लागला की टंगस्टन क्षणात जळू लागते. ट्रॉल्या एकसारख्या दिसणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे घडते. लेबल बरोबर असेल तर दुसऱ्या मशीनवर नीट चालत असलेला सिलिंडर आणून तीच स्टेनलेसची चाचणी करावी, आणि संशयित सिलिंडर त्या दुसऱ्या मशीनवर लावून तिथेही करावी. दोष सिलिंडरबरोबर दुसऱ्या मशीनवर गेला तरच गॅस खराब आहे असे म्हणता येते. असे क्वचितच होते, पण होते. आर्गॉन उणे १८६ अंशांच्या आसपास उकळतो आणि प्राणवायू उणे १८३ अंशांवर. हे दोन बिंदू इतके जवळ असल्याने हवेपासून आर्गॉन वेगळा करताना प्राणवायू काढून टाकणे हेच अवघड काम असते. त्यात भर म्हणून परत आलेला सिलिंडर आतून कोरडा न करता भरला गेला असेल, किंवा कोणी चावी उघडी ठेवून तो पूर्ण रिकामा केला असेल, तर हवा आणि ओलावा आत राहतो. याच कारणासाठी सिलिंडर शून्यापर्यंत वापरू नये. दोन-तीन बार दाब शिल्लक असताना चावी बंद करून परत पाठवावा.

खराब ठरलेला सिलिंडर परत करताना त्याचा कोरलेला क्रमांक, भरल्याची तारीख, आणि दोन्ही मशीनवर काढलेले बीडचे तुकडे एकत्र बांधून विक्रेत्याकडे द्यावेत. नुसत्या तोंडी तक्रारीला बहुतेक विक्रेते ‘तुमच्या टॉर्चमध्ये लीकेज असेल’ असे उत्तर देतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. तुकडे समोर ठेवले की बोलणे वेगळे होते. आम्ही सिलिंडर आल्या दिवशीच त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवतो आणि त्या गॅसवर चाचणीचा एक बीड काढतो, म्हणजे अर्धा वापरलेला गॅस परत कसा घ्यायचा हा वाद मुळातच उद्भवत नाही.